रावसाहेबांचं रक्त

"तुम्ही पेशंटच्या कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भावजय," मी म्हटलं. "वैरीण म्हणालात तरी चालंल."

ती हसली. म्हातारीला फटकन बोलायची खोड आहे, असं तिला वाटलं असणार. कोवळी पोर होती. तस्नीम मुल्ला नाव, मिरजेतलीच, आणि मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली हृदयाच्या पेशंटांचा अभ्यास करत होती. तिच्या पाठीमागं खाटेवर रावसाहेब, माझे थोरले दीर, डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते. झोपलेल्या माणसाची हनुवटी अशी ताठ राहत नाही.

"यांच्या हृदयाची एक झडप आवळून गेलीय," ती म्हणाली. "रक्ताला बाहेर पडायला वाटच उरली नाही. परवा जिन्यात पडले ते त्यामुळंच. झडप बदलावी लागेल."

"न्हाई बदलली तर?"

"वर्ष, दीड वर्ष. तेही धापा टाकत."

"आणि बदलली तर?"

तिनं रक्ताचा रिपोर्ट उचलला. मी चौथी शिकलेली. मला त्यातलं काय कळणार? पण पोरीनं कंटाळा न करता सांगितलं. म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी सगळ्यांच्याच करतो त्या ह्या साध्या तपासण्या. हिमोग्लोबिन, किडनी, रक्तातली प्रथिनं, तांबड्या पेशींचा आकार. आम्ही काय केलं, आधी ज्यांच्या झडपा बदलल्या त्यांचे हे आकडे काढले आणि त्यातलं कोण किती वर्षं जगलं ते समोर मांडलं. त्यावरून नव्या पेशंटचा अंदाज बांधता येतो."

"मग ह्यांचा बांधा."

"बांधलाय. चांगला नाही, काकू. रक्त फार कमी आहे, प्रथिनं उतरलीत, पेशी लहानमोठ्या झाल्यात. असं रक्त असलेले निम्मे लोक ऑपरेशननंतर पाच वर्षंसुद्धा काढत नाहीत. काहीजण दवाखान्यातून घरीच जात नाहीत."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं.

कुणाला वाटेल, बाई दगडाची आहे. वाटू दे. आमची चिरमुऱ्याची भट्टी, जयसिंगपुरात. रावसाहेब घरचे कर्ते, माझे मालक मारुती त्यांच्या पाठचे. लहानपणी सांध्यांत भरलेल्या तापानं मालकांच्या हृदयाची झडप खराब करून ठेवलेली. लग्नानंतर काही वर्षांनी ते भट्टीसमोर उभे राहीनासे झाले. सांगलीच्या डॉक्टरनं सांगितलं, मुंबईला नेऊन झडप बदला. रावसाहेब रिपोर्ट आणायला गेले. परत आले आणि बाहेरच्या सोप्यात चारचौघांना बसवून म्हणाले, "मारत्याचं रक्त अर्धं पाणी झालंय. टेबलावरच जायचा. त्यापेक्षा घरी सुखानं राहू दे. देवाचं नाव घ्या."

मी दाराआड होते, हात पिठात. आमच्यात थोरल्या दिरासमोर बाई येत नाही, त्यांच्याशी बोलत नाही. बोलायचंच झालं तर तिसऱ्या माणसाला सांगायचं, तो दीर शेजारी बसलेला असला तरी. त्या दिवशी सोप्यात तिसरा माणूस पुष्कळ होता, पण माझं ऐकून पुढं सांगणारा एकही नव्हता. पुढच्या दिवाळीला माझे मालक नव्हते.

कुठलंही नवं पोतं आलं की रावसाहेब त्यातले मूठभर तांदूळ तापल्या वाळूत टाकायला लावायचे. फुलले तर पोतं आत. न फुलले तर गाडी तशीच परत, गाडीवाल्यानं कितीही गयावया केली तरी. सगळ्या बाजारात त्यांच्या पारखीचं नाव होतं. माझ्या नवऱ्याचंही त्यांनी तेच केलं. मूठभर रक्त बघितलं आणि गाडी परत.

नंतर वाटण्या झाल्या. माझी भट्टी मी चालवली आणि वाढवली. त्यांची विझली. त्यांची बायको गेली, मुलगा धैर्यशील पुण्याला जाऊन राहिला. आता त्यांना जिन्यात पडलेलं उचलायला मीच होते. धैर्यशीलनं फोनवर सांगितलं, "काकू, मला निघायला दोन दिवस लागतील. तोवर तुम्ही म्हणाल ते."

तुम्ही म्हणाल ते. हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते म्हणून सांगू. मिरजेला येताना गाडीत मी ते वाक्य मनातल्या मनात घोळवत होते. रक्त अर्धं पाणी झालंय, देवाचं नाव घ्या. जसंच्या तसं, त्यांच्याच ऐटीत म्हणायचं होतं मला.

मी डोक्यावरून पदर घेतला, खाटेकडं पाठ करून खिडकीकडं तोंड केलं आणि डॉक्टरीणबाईला म्हटलं, "सांगा त्यांना…"

"कुणाला?"

"त्यांना."

"ते इथंच आहेत, काकू."

"हायत म्हणूनच तुम्हाला सांगतेय."

"तुम्ही दोघं बोलत नाही का?"

"आमच्यात बोलत न्हाईत."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. दमलेला, पण ऐट तीच. "बाई, ह्यांना सांगा, मला घरी न्यायची गाडी बघायला. मी सगळं ऐकलंय. अंगात रक्त न्हाई, टेबलावरच जाईन मी. त्यापेक्षा घरी सुखानं पडतो. म्हणावं, देवाचं नाव घ्या."

माझं वाक्य. जन्मभर जपून ठेवलेलं, आणि त्यांनी माझ्या तोंडातून ओढून घेतलं.

मी पदराआडून त्यांच्याकडं बघितलं. वाटलं होतं, भेदरलेला माणूस दिसेल. चेहरा शांत होता. शांत कसला, समाधानी होता. पोतं पारखून झाल्यावर व्हायचा तसा.

काहीतरी चुकत होतं आणि काय ते मला कळत नव्हतं. मी बाहेर व्हरांड्यात आले. पोरगी पाठोपाठ आली.

"काकू, घाई करू नका. मी तुम्हाला अंदाज सांगितला. पत्रिका नाही सांगितली."

"एकच की."

"नाही. पत्रिका बदलत नाही, हे बदलतं. त्यांचं वय मला कमी करता येणार नाही, किडनीचं फारसं काही होणार नाही. पण रक्त वाढवता येतं. लोह शिरेतून देऊ. खाणंपिणं सुधारलं तर प्रथिनं वर येतील. तीन-चार आठवडे इथंच नजरेखाली ठेवू आणि मग ऑपरेशन करू. म्हणजे पाच वर्षं काढतात त्या निम्म्यांत ते जातील. मी खात्री देत नाही, पण ह्यासाठीच तर हे आकडे आधी बघायचे. कुणाला टेबलावर घ्यायचं नाही एवढं ठरवायला नाही, त्याला आधी तयार कसं करायचं ते कळायला."

"तरण्या माणसाचं बी वाढतं असं?"

"तरुणांचं तर लवकर वाढतं."

"पूर्वी बी वाढायचं?"

"पूर्वीपण वाढायचं. इंजेक्शनं होती, गोळ्या होत्या. का? घरात कुणी होतं का?"

"व्हतं," मी म्हटलं आणि तिथल्या बाकावर बसले. पोरगी थोडा वेळ शेजारी उभी राहिली, मग तिला कुणीतरी बोलावलं म्हणून गेली. शहाणी होती. तिनं पाठीवर हात वगैरे ठेवला नाही.

बाकावर बसल्या बसल्या मला त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान कळलं. आणि कळलं तशी मी उठले, नर्सला गाठलं आणि सांगितलं, "रावसाहेब मुळीक, खाट खिडकीजवळची. ऑपरेशन होणार. काय खायला द्यायचं ते मला सांगा."

घरी सुनेला, वैजयंताला, कामाला लावलं. सकाळी अंडी. दुपारी बोकडाचं काळीज तव्यावर परतून. मध्ये शेंगदाणे-गूळ, अळिवाची खीर, संध्याकाळी मूगडाळीचं घट्ट वरण. जयसिंगपुरातून मिरजेला डबा घेऊन मी स्वतः जायची. वैजयंता म्हणाली, "आत्या, तुम्ही त्यांचं नाव घेतलं तरी थुंकता, आणि आता काळीज भरवायला निघालाय?"

"तू मीठ बेतानं टाक," मी म्हटलं. "त्यांना कमी चालतं. आणि प्रश्न बी कमी टाक."

पण माणूस तोंडच उघडेना. शिरेतून जे जाईल ते जायचं, कारण ते अडवायची त्यांच्या हातात ताकद नव्हती. तोंडावर मात्र त्यांचा ताबा होता. मी नर्सला सांगायची, "सांगा त्यांना, खा म्हणावं." ते नर्सला सांगायचे, "सांगा त्यांना, घरी घेऊन जा म्हणावं." ती केरळची पोर, तिला मराठी जेमतेम. ती बिचारी मान एकदा इकडं, एकदा तिकडं फिरवायची आणि शेवटी डबा झाकून ठेवायची. ऑपरेशनचा कागद पुढं केला की ते भिंतीकडं वळायचे.

धैर्यशील आला. चांगला मुलगा, बापासारखा अजिबात नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, बाबांची इच्छा नाही तर राहू दे ना. ते म्हणतात रक्तच नाही अंगात…"

"तुझा बाप काय म्हणतो ते मी पुष्कळ ऐकलंय," मी म्हटलं. "तू आज खानावळीत जेव आणि दुपारी इकडं फिरकू नकोस."

दुपारच्या भेटायच्या वेळेला मी गेले. डबा उघडून कपाटावर ठेवला. डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर घेतला. खुर्ची ओढली आणि त्यांच्या तोंडासमोर बसले. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची बायको संत्रं सोलत होती. ती आमच्याकडं बघायला लागली.

त्यांना काय हाक मारायची तेच मला ठाऊक नव्हतं. आयुष्यात कधी मारलीच नव्हती.

"रावसाहेब," मी म्हटलं.

नवऱ्याच्या थोरल्या भावाला नावानं. त्यांचे डोळे खाडकन उघडले.

"पदर घे." मला उद्देशून बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"पदर राहू द्या. तोंड उघडा."

"मला मरायचंय. तुझं काय जातंय त्यात? तुला तर आनंद व्हायला पाहिजे."

"झाला असता. पण तुम्ही असं मेलात तर तुमचं खरं ठरतंय." मी काळजाचा एक तुकडा चमच्यात घेतला. "रक्त न्हाई, मग माणूस जायचाच. रावसाहेबांचं न्हवतं, ते गेले. मारुतीचं न्हवतं, तोही गेला. त्यात कुणाचा काय दोष? एवढ्यासाठीच मरायला बसलाय ना तुम्ही?"

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढं थोडं रक्त, तरी तिथवर पोचलं.

"ती पोरगी म्हणते, रक्त वाढतंय. तवा बी वाढत होतं. तरण्या माणसाचं तर लवकर. तुम्ही त्या येळेला कुणाला नुसतं विचारलं असतं…"

"विचारायला कशाला पाहिजे," ते म्हणाले. "त्यानं सांगितलं होतं."

"कुणी?"

"सांगलीच्या डॉक्टरनं." ते छताकडं बघत होते. "दुसऱ्या दिवशी परत गेलो होतो मी, मारत्याच्या गोळ्या आणायला. तवा म्हणाला, महिना-दोन महिने चांगलं खायला घाला, इंजेक्शनं देतो. रक्त वर आलं की मुंबईला चिठ्ठी देतो."

संत्रं सोलणाऱ्या बाईला ऐकू जाऊ नये इतकं हळू बोलत होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आदल्या दिवशी चारचौघांत बोलून बसलो होतो. सगळ्यांनी माना डोलवल्या होत्या. आई रडून मोकळी झाली होती. आता परत सगळ्यांना सोप्यात बसवायचं आणि सांगायचं की रावसाहेबाला कळलं न्हाई?" त्यांना धाप लागली, तरी ते थांबले नाहीत. इतकी वर्षं आत दाबलेलं होतं ते. "मनाला म्हटलं, डॉक्टर उगाच आशा लावतोय. जे पोतं फुलत न्हाई ते न्हाईच फुलत."

"फुलतंय," मी म्हटलं.

"काय?"

"तुम्ही परत पाठवलेलं. गाडीवाला जाताना मागच्या परड्यात आम्हा बायकांना त्यातलं सुपानं देऊन जायचा. मिठाच्या पाण्याचा हात लावायचो, झाकून ठेवायचो, ऊन दाखवायचो, परत वाळूत टाकायचो. चांगलं टरारून फुलायचं. रोज संध्याकाळी तेलमीठ लावून तुम्ही काय खात होता असं वाटलं तुम्हाला?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मारलं असतं तर एवढं लागलं नसतं.

मी चमचा परत डब्यात ठेवला. त्या क्षणी मी त्यांच्या नाकावर उशी दाबू शकले असते. हे मी सरळ सांगते. पण उशी दाबली की संपलं. दोन मिनिटांत सुटले असते ते, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, रक्तच नव्हतं अंगात.

"आता ऐका," मीही हळूच म्हटलं. "तुम्ही घरी जाऊन मेलात, तर तुमच्या तेराव्याला भरल्या पंगतीत उभी राहून मी हे सगळं सांगणार. तुमच्या पोरासमोर, त्याच्या सासरच्यांसमोर, बाजारातल्या एकूण एक व्यापाऱ्यासमोर. आत्ता बोललात ते, शब्द न् शब्द."

"आणि सही केली तर?"

"तर तुमचा श्वास चालू हाय तोवर ह्यातलं अक्षर माझ्या तोंडातून निघणार न्हाई. एवढंच देते. जास्त मागू नका."

"आणि त्यातच गेलो तर? टेबलावर?"

"तर जाऊ नका."

त्यांनी विचारलं, "मला जगवून तुला काय मिळणार?"

"त्याला चारचौघांत मारलंत," मी म्हटलं. "आता चारचौघांत जगा."

त्यांनी तोंड उघडलं. मी घास भरवला. काळीज थंड झालं होतं, चामट झालं होतं. त्यांनी ते चावून चावून गिळलं आणि परत तोंड उघडलं. शेजारच्या बाईनं संत्र्याची एक फोड नवऱ्याच्या हातावर ठेवली आणि हळूच त्याला म्हणाली, "बघा, भावजय असून किती करतेय."

त्यानंतर डबा रिकामा यायला लागला. मी समोर बसायची, पदर न घेता, आणि शेवटचा घास पोटात जाईपर्यंत उठायची नाही. दर आठवड्याला पोरगी रक्त काढायची. पहिल्या आठवड्यात आकडा हललाच नाही. मी तिला फैलावर घेतलं. "सांगितलंस ना वाढतं म्हणून?" ती म्हणाली, "काकू, धीर धरा, रक्त कालवण नाही लगेच उकळायला." दुसऱ्या आठवड्यात थोडं चढलं. तिसऱ्यात चांगलंच चढलं. पोरगी कागद नाचवत आली. "अंदाज बदलला, काकू. पुष्कळ बदलला. काय खायला घालताय तुम्ही?"

"काळीज," मी म्हटलं.

ऑपरेशनच्या दिवशी धैर्यशील बाहेरच्या बाकावर बसून रडत होता. माझे ओठ हलताना बघून म्हणाला, "काकू, तुम्ही जप करताय?"

"न्हाई."

"मग काय म्हणताय?"

"तुझ्या बापाला दम देतेय."

दिवसभर मी तिथून हलले नाही. पाणी प्यायले नाही. माझ्या मालकांसाठी मला असं बसता आलं नव्हतं, कुठल्या दारासमोर बसू दिलंच नव्हतं. संध्याकाळी मोठे डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, झालं, झडप चांगली चालतेय. धैर्यशील माझ्या पाया पडला. मी त्याला आशीर्वाद दिला आणि मोरीत जाऊन, तोंडात पदराचा बोळा घालून, माझ्या मरून गेलेल्या नवऱ्यासाठी इतकी वर्षं राहिलेलं रडून घेतलं.

रावसाहेब माझ्या घरी आले. दुसरं कुठं जाणार? पुण्याला न्यायला धैर्यशील तयार होता, पण रक्त पातळ ठेवायची गोळी, दर महिन्याची तपासणी, पालेभाजी रोज सारखीच आणि मापात, हे सगळं कोण बघणार? मी म्हटलं, मी बघते. सगळे म्हणाले, केवढं मोठं मन.

लोखंडी झडप होती. दुपारी घरात सामसूम झाली की त्यांच्या छातीतून आवाज यायचा, टिक टिक, घड्याळ गिळल्यासारखा. ते रेडिओ लावायचे. मी बंद करायची. "डोकं दुखतंय माझं," म्हणायची आणि त्यांच्यासमोर तांदूळ निवडत बसायची. दोघंही ऐकत राहायचो.

पण खरी मजा बाहेर होती. मी त्यांना दर आठवड्याला बाजारात न्यायची. त्यांचा हात धरून, सावकाश. जुने व्यापारी गोळा व्हायचे.

"रावसाहेब, आमच्या कानावर आलं होतं तुमच्या अंगात रक्तच न्हवतं."

"न्हवतं."

"मग वो?"

"वाढवलं."

"असं वाढतंय व्हय?"

"वाढतंय," रावसाहेब म्हणायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी दुसरीकडं बघायची. प्रत्येक आठवड्याला, नव्या माणसाला, स्वतःच्या तोंडानं. त्यातला एखादा म्हातारा मान हलवून हमखास म्हणायचा, "आपल्या मारुतीच्या येळेला असलं काही न्हवतं बघा." मग रावसाहेब माझा हात ओढायचे, घरी चल म्हणून.

निम्म्या लोकांना जी पाच वर्षं मिळत नाहीत ती त्यांना मिळाली. वर आणखी तेवढीच मिळाली. तस्नीम आता मोठी डॉक्टर झाली होती. दर तपासणीला म्हणायची, "काका, तुम्ही माझ्या अभ्यासातले लाडके पेशंट." तिच्यावर माझा जीव होता. तिला मी ह्यातलं काही सांगितलं नाही.

एकदा तपासणीहून परत येताना, गाडीत, ते म्हणाले, "हौसा, पुरे कर आता."

"काय पुरे करू?"

"सांगून टाक सगळ्यांना. एकदाचं सांगून टाक. मी आडवा येणार न्हाई. नाहीतर मीच सांगतो."

"सांगा की. मी कुठं तोंड धरलंय तुमचं?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. गाडी पुलावर आली, पूल संपला. त्यांचं तोंड दोनदा उघडलं आणि मिटलं. शेवटी म्हणाले, "माझ्यानं होणार न्हाई. तू सांग."

"मी शब्द दिलाय," मी म्हटलं. "तुमचा श्वास चालू हाय."

ते रडले. मी ड्रायव्हरला काच वर घ्यायला सांगितली, वारं लागू नये म्हणून.

गेल्या महिन्यात ते गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. मी समोरच होते. आधी आवाज थांबला, मग मी मान वर केली.

तेराव्याला मांडव भरून गेला होता. पुण्याची माणसं, सांगलीची, सगळा बाजार. जो तो त्यांच्या पारखीचं कौतुक करत होता. रावसाहेबांचा शब्द म्हणजे शब्द, एकदा बोलले की बदलणार नाहीत. पंगत बसली. धैर्यशील सगळ्यांसमोर उभा राहिला, डोळे पुसले आणि म्हणाला, "बाबांना ही वर्षं मिळाली ती काकूंमुळं. त्यांना काकूंइतकं कुणी ओळखलं नाही. काकू, तुम्हीच दोन शब्द बोला."

मी उठले. वाढणाऱ्या पोरींना हातानं थांबवलं. डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि पंगत शांत होईपर्यंत उभी राहिले.

"माझ्या मालकांचं रक्त अर्धं पाणी झालं होतं," मी म्हटलं. "पण ते वाढणारं होतं. आणि रावसाहेबांना ते ठाऊक होतं."